उघड्या पाठीचा हेडफोन

हेडफोनची परीक्षणं लिहून कुणाचं घर चालतं, यावर त्याच्या सासऱ्यांचा कधीच विश्वास बसला नाही. जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढं सांगून विषय बदलायचे. बायकोने त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. दिवसभर कानांवर काहीतरी चढवून भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या आणि मधूनच 'वा!' म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार, असा तिचा सवाल होता.

ती स्वतः शहराच्या तरणतलावावर पोहायला शिकवायची. आवाज खणखणीत, आणि हा शब्दही तसा सौम्यच. काठावरून 'पाय मार, पाय!' असं ती ओरडली की तलावाच्या त्या टोकाच्या मुलाचे पाय तर हलायचेच, शिवाय बाकावर पेपर वाचत बसलेल्या पालकांचेही हलायचे. घरी आल्यावरही तिला आवाज लहान करता येत नसे. 'मीठ दे' हे ती कुणीतरी बुडत असल्यासारखं म्हणायची. त्यामुळे घरात त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "श्श्, जरा शांत. ऐकतोय ना मी." आणि तिचं ठरलेलं उत्तर, मुद्दाम आणखी मोठ्याने, "मग ऐक की! मी काय तुझे कान धरून ठेवलेत?"

एकूण त्यांचं बरं चाललं होतं.

काम तो शिस्तीत करायचा. मागची खोली त्याची. खिडकीला जाड पडदा, भिंतीला लागून टेबल, संगणक, एक न कुरकुरणारी खुर्ची. हेडफोन कुठलाही असो, ऐकायचं तेच आणि त्याच क्रमाने. आधी एका बाईचं साथीशिवाय गायलेलं गाणं, मग मोठ्या सभागृहातला गायकवृंद, आणि शेवटी एका गेममधला रेकॉर्ड करून ठेवलेला तुकडा. त्यात एका ओसाड इमारतीत कुणीतरी खेळाडूला शोधत जिने चढत येतं. दोन हेडफोनची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी मापकावर सारखा करून घ्यायचा, कारण जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानांची जुनी खोड. आणि बसण्याआधी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. टिकटिक नको.

त्या दिवसांत वाचकांचा एकच प्रश्न सारखा येत होता. गेम आणि गाणी दोन्हींसाठी मिळून एकच ओपन-बॅक हेडफोन घ्यायचा, तर कुठला? ओपन-बॅक म्हणजे ज्याच्या वाट्यांची पाठ उघडी असते, तिथे नुसती जाळी असते. आवाज डोक्यात कोंडत नाही, आजूबाजूला पसरतो. गेममध्ये शत्रू कुठून येतोय ते कळतं, गाण्यात कोण कुठे उभं आहे ते कळतं. तोटा एकच. आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं.

तुलनेसाठी त्याच्याकडे दोन नग होते. एक काळा, हलका, खास गेमसाठी केलेला, नव्या कोऱ्या खोक्यातून आलेला. दुसरा लाकडी वाट्यांचा, कुठल्याशा लहान कारखान्यात हाताने केलेला, गाण्यासाठी. कारखान्याकडे त्याचा एकच नमुना होता आणि तो एका परीक्षकाकडून दुसऱ्याकडे फिरत असे. त्याच्याकडे तो मास्तरांकडून आला. मास्तर म्हणजे पूर्वी शाळेत गाणं शिकवणारे आणि निवृत्तीनंतर परीक्षणं लिहायला लागलेले गृहस्थ. दरवेळी फोन करून हेडफोनपेक्षा स्वतःच्या कुत्र्याबद्दलच जास्त बोलायचे. या वेळी त्यांनी नुसतं खोकं पाठवलं. फोन नाही, काही नाही.

पहिली चाचणी डोळे मिटून. डोक्यावर कुठला हेडफोन आहे हे आपल्याला माहीत असलं की मन फितूर होतं, म्हणून हे काम बायको करायची. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि ती मागून दोन्हींतला कुठलाही एक त्याच्या कानांवर ठेवायची. बोलायचं नाही, ही अट. ती पाळताना तिचे हाल व्हायचे.

त्या दुपारी गायकवृंद चालू होता आणि तो म्हणाला, "आत्ता लाकडी आहे."

मग जरा थांबून तोच पुढे म्हणाला,

"सांगू कशावरून? तू मागे उभी आहेस ते ऐकू येतंय. डाव्या खांद्यामागे. श्वास ऐकू येतोय तुझा. काळ्यात इतकं येत नाही."

बरोबर ओळखलं का ते बघायला त्याने डोळे उघडून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येत होती.

"काय बडबडतोयस एकटाच? दूध उतू चाललं होतं, केव्हाच गेले होते मी!"

"मग श्वास कुणाचा?"

"गाणाऱ्यांचा असेल. पन्नास माणसं आहेत ना तुझ्या त्या गाण्यात? एखादा तरी श्वास घेणारच की!"

हे त्यालाही पटलं. परीक्षण लिहिणाऱ्यांचं एक लाडकं वाक्य असतं, 'या हेडफोनवर मला माझ्या रोजच्या गाण्यात आजवर न ऐकलेलं काही ऐकू आलं.' जो तो ते लिहितो आणि तो नेहमी त्या वाक्याची टर उडवायचा. त्या दिवशी त्याने ते स्वतः लिहिलं, आणि खरं सांगायचं तर लिहिताना त्याला आनंदच झाला.

गेमच्या तुकड्यात लाकडीने काळ्याची पार जिरवली. काळ्यातून पावलं जिन्यावरून येताना स्पष्ट कळत होती, समोरून, मग उजवीकडून. लाकडीतून ती तशी कळत होतीच, पण त्यांच्यामागे आणखी काही होतं. खूप लांब एक कुत्रं भुंकत होतं. जवळ कुठेतरी घड्याळ चालू होतं. आणि डावीकडे मागे कुणीतरी सपाता घालून फिरत होतं. सपातांचा चटक चटक आवाज फरशीवरून आला, थांबला, परत गेला. त्याने तोच तुकडा काळ्यावर लावून पाहिला. फक्त जिन्यावरची पावलं. पुन्हा लाकडीवर लावला. कुत्रं, घड्याळ, सपाता.

त्याने ड्रॉवर उघडून पाहिला. सेल तिथेच होता.

ओसाड इमारतीत सपाता घालून कोण फिरेल, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण कान तयार असलेल्या माणसाची गंमत अशी की नवीन काही ऐकू आलं की त्याला आधी हेडफोनचं कौतुक वाटतं. 'पार्श्वभूमीचे बारकावे थक्क करणारे', असं लिहून तो मोकळा झाला.

मग राहिली गळतीची चाचणी. हेडफोन घालून गप्प बसायचं आणि मागे बसून कुणीतरी बोलत राहायचं, म्हणजे बाहेरचं आत किती येतं ते समजतं. या कामावर बायको एकदम खूश असायची. बोलायची उघड परवानगी मिळायची ती एवढ्या एकाच वेळी.

"काय वाचू?"

"काहीही वाच. सलग वाच फक्त."

तिला पाठ असलेलं एकच सलग काही होतं. ती त्याच्या मागे स्टुलावर बसली आणि लाकडीच्या जाळीजवळ तोंड नेऊन तलावाची नियमावली खड्या आवाजात म्हणू लागली.

"अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरू नये! ओल्या पायांनी काठावरून पळू नये! उथळ बाजूला सूर मारू नये! खोल पाण्यात एकट्याने जाऊ नये!"

तो हसत होता. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की तिचा आवाज मागून जाळीतून येतोय तसा वाटत नाही. गाणं जसं येतं तसा तो आतून येत होता. 'बाहेरचं सगळं आत येतं', त्याने लिहिलं. 'घरात बोलणारी माणसं असतील तर विचार करून घ्या.' हा आपला त्याचा विनोद.

संध्याकाळी त्याने सेल घड्याळात परत घातला. काटे फिरू लागले, पण टिकटिक काही ऐकू आली नाही.

"बरं झालं," बायको म्हणाली. "सुटलो त्या कटकटीतून."

मग फ्रिजची घरघर गेली. फ्रिज थंड करत होता, मागची जाळी गरम लागत होती, आवाज तेवढा नव्हता. नंतर न्हाणीघराचं कुरकुरणारं दार. त्यात कुणी तेल घातलं नव्हतं. या गोष्टी अशा की गेल्याचं लगेच कळत नाही, आणि कळलं तरी कुणाकडे तक्रार करणार? एकदा तो खुर्चीत लिहीत बसला असताना बायकोचा हात अचानक खांद्यावर पडला आणि तो दचकून उभाच राहिला.

"मांजरासारखी काय येतेस!"

"मी? मांजरासारखी?" ती हसत सुटली. "हे आईला सांगितलं पाहिजे. मी घरात आले की खालच्या मजल्यावर कळतं म्हणायची."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. सपाता होत्या. ती स्वयंपाकघराकडे परत गेली, आणि फरशीवर सपाता पडताना त्याला दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. तिला हे सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण सांगायचं तरी काय, ते कळेना.

टेबलावर लाकडी हेडफोन स्टँडवर टांगलेला होता. वायर संगणकातून काढलेली, गुंडाळून ठेवलेली. त्याने तो कानांवर चढवला. कशालाच न जोडलेल्या हेडफोनमधून त्याला सपातांचा आवाज आला. चटक चटक, स्वयंपाकघराकडे. फ्रिज घरघरत होता. न्हाणीघराचं दार कुरकुरलं. त्यांचं घरच होतं ते, फक्त थोडं डावीकडे आणि मागे.

त्याने तो घाईघाईने उतरवून स्टँडवर परत टांगला.

दोन दिवसांनी बायकोचा घसा बसला. पाण्यात काम, घसा बसणं नवीन नव्हतं. तिने गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि त्याला चिडवून घेतलं, "घे, मनासारखं झालं ना तुझ्या?" पण हा घसा बसण्यासारखा नव्हता. आवाज घोगरा झाला नव्हता, चिरकला नव्हता. होता तसाच होता, फक्त लांब गेला होता. ती समोर ताटावर बसलेली असायची आणि शब्द पलीकडच्या खोलीतून आल्यासारखे यायचे. तेही रोज थोडे कमी.

शेवटी एक दिवस ती भलत्या वेळी घरी आली. ओल्या कपड्यांत, केसांतून पाणी गळत, गळ्यात शिट्टी. दारातच तिने तोंड उघडलं आणि काहीतरी सांगू लागली. ओठ भरभर हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. आवाज शून्य.  तिने शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवून जोरात फुंकली. शिट्टीतला मणी गरागरा फिरताना त्याला दिसला.

मग तिने फोन घेतला आणि त्यावर लिहून दाखवलं. एक लहान मुलगी खोल बाजूकडे चालली होती. ही काठावरून ओरडली, शिट्टी वाजवली. कुणीही वळून पाहिलं नाही. शेवटी कपड्यांसकट उडी मारून पोरीला बाहेर काढलं. पोरगी सुखरूप होती. पण आवाज नसलेल्या बाईच्या भरवशावर पाण्यात मुलं कोण सोडणार? तिला घरी पाठवलं होतं. खाली तिने लिहिलं होतं, 'मी ओरडत होते रे. खरंच ओरडत होते.'

त्याने तिला जवळ घेतलं. ती हमसून रडत होती, अंग गदगदत होतं, आणि ते रडणं त्याला फक्त छातीवर हादऱ्यांसारखं जाणवत होतं.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. सगळं उत्तम. स्वरतंतू हलत होते, हवा येत होती. 'खोका' म्हणाले, ती खोकली, ते ऐकत राहिले. मग त्यांनी स्टेथोस्कोप तिच्या छातीला लावला. थोड्या वेळाने काढला, त्याच्यावर टिचकी मारली, पुन्हा लावला. आतल्या खोलीतून दुसरा आणला. तोही लावून पाहिला. मग तिचं मनगट धरून नाडी पाहिली, ती अगदी व्यवस्थित चालली होती.

"ताणामुळे होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. त्याच्याकडे न बघता त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन दोघं फोनमधले जुने व्हिडिओ पाहत बसले. एका सहलीचा होता. वारा होता, पाणी होतं, तिचा भाऊ कुणालातरी हसत होता. ती कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत काहीतरी ओरडत होती. आवाजात तेवढी जागा रिकामी होती. तिने फोन उलटा ठेवला.

मग मात्र त्याच्याने राहवेना. तो खोलीत गेला, लाकडी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

"...ओल्या पायांनी काठावरून पळू नये! उथळ बाजूला सूर मारू नये!"

तिचाच आवाज. खणखणीत, पण लांबून, तलावाच्या त्या टोकावरून आल्यासारखा. त्याचा जीव भांड्यात पडला, डोळ्यांत पाणी आलं. आहे, कुठेतरी आहे. त्याने एक वाटी कानावरून उचलून तिची जाळी तोंडाजवळ ओढली आणि म्हणाला, "मी इकडे आहे."

नियमावली थांबली.

"अरे!" ती म्हणाली. "कुठे आहेस तू? केव्हाची बोलतेय मी. ऐकतोयस का?"

त्याने हेडफोन काढून बायकोच्या कानांवर ठेवला, तिला खुणेने सांगितलं, ऐक. ती बराच वेळ ऐकत राहिली, आशेने त्याच्या तोंडाकडे बघत. मग तिने मान हलवली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर त्याने हातपाय मारून पाहिले, जेवढे त्याला मारता येत होते तेवढे. हेडफोन म्हणजे उलटा केलेला माइकच असतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने वायर माइकच्या भोकात घातली, रेकॉर्डिंग चालू केलं. कानांत ती बोलत होती आणि पडद्यावर सपाट रेघ होती. त्याने वाट्यांचे स्क्रू काढून पाहिले. आत एक पातळ पडदा, चुंबक, तारेचं वेटोळं. बाकी काही नाही. परत बसवताना त्याने घाई केली, कारण उघडलेल्या वाटीतून तिचा आवाज क्षणभर अगदीच गेला होता. त्यानंतर स्क्रूला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

कारखान्याला त्याने मोठा मेल लिहिला. उत्तर सभ्य होतं. आधीच्या परीक्षकांनाही आवाजातला जिवंतपणा फार आवडला होता. नमुना आता पुढच्या परीक्षकाकडे जायचा होता, त्यांचा माणूस घ्यायला येईल, खोकं तयार ठेवावं.

मग त्याने मास्तरांना फोन लावला. फोन उचलला गेला. पलीकडे कुणीतरी होतं, पण आवाज नव्हता, श्वाससुद्धा नव्हता. "मास्तर? मास्तर, तो लाकडी..." एवढं तो बोलला आणि फोन बंद झाला. थोड्या वेळाने मेसेज आला.

'मी पुढे पाठवला ती चूक झाली. तू पाठवू नकोस.'

आणि लगेच दुसरा.

'आमचा कुत्रा ऐकू येतो का रे अजून त्यात?'

त्याने उत्तर लिहिलं नाही. कुत्रं तीन-चार दिवसांपूर्वीपर्यंत ऐकू येत होतं. आता येत नव्हतं.

कारखान्याचा माणूस दुपारी आला. तरुण, घाईत, हातात यादी.

"हेडफोनचं खोकं न्यायचंय."

"द्यायचं नाहीये."

"काय?"

"नाही देणार. त्यांना सांगा, हरवला म्हणून सांगा."

त्या माणसाने कान पुढे केला. "जरा मोठ्याने बोला की साहेब. घसा बसलाय का तुमचा?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं. दार लागल्याचा आवाज झाला नाही. 

बायको मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती. आता ती दिवसाचा बराच वेळ तिथेच असायची, तो ऐकत असताना त्याचा चेहरा बघत. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळायचं, आपण आज किती लांब आहोत ते. तिच्या नजरेला नजर देणं त्याला अवघड जायचं. तिचं सगळं त्याच्या कानांत होतं आणि त्याला त्यातलं काहीही तिला परत देता येत नव्हतं.

तो तिच्यासमोर बसला. तिने दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर ठेवले. त्याने हेडफोन चढवला.

पडद्याच्या फटीतून ऊन येत होतं. घड्याळाचे काटे फिरत होते.

"अरे!" ती खूप लांब होती. शब्द नीट पोचत नव्हते. "अरे, ऐकतोयस का? किती वेळ झाला! मी इथे एकटीच..."

त्याने जाळी तोंडाशी धरली. "ऐकतोय! बोलत राहा! थांबू नकोस!"

"...ऐकतोयस का?"

"ऐकतोय गं! बोल!"

त्याच्या गुडघ्यांवरचे हात घट्ट झाले. त्याने डोळे उघडले. बायको त्याच्या ओठांकडे बघत होती. कपाळाला आठी घालून, मान तिरकी करून, दिसेल तेवढं वाचायचा प्रयत्न करत.

तो पुन्हा ओरडला. पूर्ण छाती भरून, घसा फाटेल इतक्या जोराने.

तिने ओठ हलवले. काय?

कानांत काहीतरी कुरकुरलं. अगदी जवळ, डाव्या खांद्यामागे. ओळखीचा आवाज होता. कातडी पट्टा ताणून कुणी हेडफोन डोक्यावर चढवला की होतो तो. मग कुणीतरी खुर्चीत नीट बसलं आणि श्वास रोखून ऐकू लागलं.

"अरे, ऐकतोयस का?" लांबून ती म्हणाली.

"श्श्," हेडफोनमधून त्याचाच आवाज म्हणाला. शांत, थोडासा वैतागलेला. "जरा शांत. ऐकतोय ना मी."

तो 'नाही' म्हणाला. 'बोल' म्हणाला. तोंडाने जेवढं म्हणता येईल तेवढं सगळं म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

इतक्या हळू आवाजात बोलताना त्याने तिला आजवर कधीच ऐकलं नव्हतं.